चहासदृश

स्टुटगार्टच्या एका चार मजली इमारतीत माझी आजही दोन कारणांसाठी आठवण निघते, असं लेक फोनवर सांगते. एक, रविवारी भिंतीत खिळे ठोकणारे गृहस्थ. दोन, जांभळा चहा पाजणारे गृहस्थ. पैकी खिळ्यांचा आरोप खोटा आहे. चहाबद्दल मात्र बोलावं लागेल.

आधी माझी योग्यता सांगतो. डोंबिवलीच्या एका ज्युनियर कॉलेजात मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. आम्ल, आम्लारी, सामू, दर्शक हे शब्द फळ्यावर इतक्या वेळा लिहिले की डस्टर झटकला तरी तेच खाली पडावेत. सफरचंदाला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल शेले नावाच्या शास्त्रज्ञाने १७८५ साली सफरचंदाच्या रसातूनच वेगळं काढलं, हे वाक्य मी दर वर्षी त्याच तारखेच्या आसपास, त्याच ठिकाणी खोकून म्हणत असे. मागच्या बाकावरची पोरं ते माझ्याआधी, खोकल्यासकट म्हणत. हे सगळं तुम्ही ध्यानात ठेवा. मी लवकरच विसरणार आहे.

दुसरी योग्यता चहाची. दिवसाला पाच. आलं ठेचलेलं हवं, किसलेलं नको. चहा एकदा वर यायला हवा, गॅस बारीक करून पुन्हा वर यायला हवा, आणि तिसऱ्यांदा वर येताना कुणीतरी ‘अहो, उतू गेला!’ म्हणून ओरडायला हवं. त्याशिवाय तो झाला असं मी मानत नाही.

नोव्हेंबरात आम्ही दोघं नव्वद दिवसांच्या व्हिसावर लेकीकडे गेलो. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. म्हणजे जायचं ते मावशीकडेच, तिथे चहाचे हाल होणार नाहीत, असा माझा हिशेब. हिने बॅगेत एक किलो चहा भरला होता. वजन वाढतंय म्हणून मी त्यातला अर्धा काढला आणि त्या जागी माझी बंडी ठेवली. दोघांचे मिळून दिवसाचे सात कप, कपाला तीन ग्रॅम, म्हणजे रोजचे एकवीस ग्रॅम. पाचशे भागिले एकवीस. हा भागाकार मी तेव्हा केला असता तर हा लेख झाला नसता. चोविसाव्या दिवशी सकाळी डबा उलटा करून बुडावर थाप मारली तेव्हा तो आपोआप झाला.

तो दिवस रविवार होता. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. मोठ्या स्टेशनातली काही उघडी असतात हे मला सोमवारी कळलं.

“बाबा, आजच्या दिवस यावर भागवा,” म्हणून लेकीने कपाटातून काचेची बरणी काढून दिली. “हाही चहाच आहे.”

या ‘ही’मध्ये सगळा घात होता. बरणीवर ‘ब्राटआपफेल’ असं लिहिलं होतं. ब्राटआपफेल म्हणजे भाजलेलं सफरचंद. थंडीत तिकडे सफरचंदाचा मधला गाभा कोरून काढतात, आत बदाम, बेदाणे, दालचिनी भरतात आणि ते भट्टीत भाजतात. त्या चवीचा हा चहा. झाकण उघडलं आणि वास असा आला की मी दोन पावलं बरणीमागून गेलो. दालचिनी, लवंग, संत्र्याची साल, आणि या सगळ्यांच्या खाली कुठेतरी मोदकाचं सारण परतताना येतो तसला गोडसर, उबदार दरवळ. आत डोकावलं तर सुकलेल्या सफरचंदाचे पिवळट चौकोनी तुकडे, बदामाचे काप, काळपट लाल पाकळ्यांसारखं काहीतरी, जंगली गुलाबाच्या फळांची साल. चहाची पत्ती म्हणाल तर एक नाही. लग्नाला यावं, मांडव, सनई, जेवण सगळं चोख असावं आणि नवरा मुलगाच दिसू नये, तसं झालं.

मागच्या बाजूला कृती होती, जर्मनमध्ये. जावयाने मोबाईलचा कॅमेरा त्यावर धरायला शिकवलं होतं. शब्दांवर धरला की मराठी उमटतं. उमटलं ते असं: ‘नेहमी खळखळ उकळत्या पाण्याने ओता आणि किमान आठ मिनिटे ओढू द्या. फक्त अशा प्रकारे तुम्हाला सुरक्षित अन्नपदार्थ मिळतो.’

ओढू द्या? कुणाला? आमच्याकडे ओढतात ती विडी. आणि चहा पिताना सुरक्षिततेचा प्रश्न यावा ही मला धमकी वाटली. (त्सीहन या जर्मन शब्दाचा अर्थ ओढणे, चहाच्या बाबतीत मुरू देणे. पाण्यात बुडून पाण्यालाच आपल्यात ओढायला लावणारी ही क्रिया फार नेमकी आहे, पण ते मला भाषांतराने सांगायला हवं होतं. सुरक्षिततेचं म्हणाल, तर वाळवलेल्या फळांत आणि पानांत जंतू असू शकतात, ते उकळत्या पाण्यानेच मरतात, म्हणून जवळपास प्रत्येक पाकिटावर ती ओळ असते.)

मी कृती बाजूला ठेवली. चहा करायला आपल्याला जर्मनांनी शिकवावं? पातेलं चढवलं. दोन कप पाणी, बरणीतले चार चमचे, साखर. खलबत्ता लेकीने हौसेने भारतातून नेलेला, त्यात आलं आणि वेलदोडे दणादणा कुटले. पाण्याला उकळी फुटली तसा त्याला रंग चढू लागला. तो तपकिरी होईल म्हणून मी वाट पाहत होतो, तो गुलाबी झाला, मग लाल, मग थेट सत्यनारायणाच्या पूजेतल्या कुंकवाच्या पाण्यासारखा. मी म्हटलं, दूध पडलं की येईल ताळ्यावर. दीड टक्का स्निग्धांशाचं दूध ओतलं.

येथून पुढचं मी अकरावीच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत लिहितात तसं लिहितो. निरीक्षण: दूध क्षणभर पृष्ठभागावर पसरले. त्यानंतर त्याचे गुलाबी गोळे झाले. गोळे वर व लाल पाणी खाली राहिले. अनुमान: दूध फाटले.

दुधाचा सामू साधारण साडेसहाच्या वर असतो. तो ४.६ च्या आसपास उतरला की केसीन नावाचं प्रथिन गठ्ठे करून वेगळं होतं. लिंबू पिळून पनीर करतात ते याच तत्त्वावर. एकतीस वर्षं मी हे शिकवलं. मॅलिक आम्लाचे तुकडे मी स्वतःच्या हाताने मोजून घातले होते.

ही मागे उभी होती. हिचं माहेर यवतमाळकडचं. तिने पातेल्यात चमचा घातला, एक लाल पाकळी वर काढली, बोटांनी चुरली, जिभेला लावली.

“अहो, ही लाल अंबाडीची बोंडं आहेत.”

“बरणीवर हिबिस्कस लिहिलंय. जास्वंद.”

“जास्वंदाच्या घरातलीच आहे ती. पण ही अंबाडी. आमच्याकडे सरबत करतात, चटणी करतात. अंबाडीत दूध घातलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.”

“मग घालताना बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कुठे? मला वाटलं, शास्त्रातलं काहीतरी चाललंय.”

दुपारी जावई, लेक आणि ही नाताळाच्या बाजारात गेले. गुडघा दुखतो म्हणून मी मागे राहिलो. खरं कारण पातेलं होतं. शिक्षकाला फसलेला प्रयोग तसाच टाकून झोप येत नाही. आम्ल जास्त आहे ना? मग उदासीन करू. लेकीच्या कपाटात एका पुडीवर ‘नाट्रोन’ असं लिहिलेलं सापडलं आणि त्याखाली बारीक अक्षरात सोडियम हायड्रोजन कार्बोनेट. जर्मनीत आल्यापासून मला न अडखळता वाचता आलेला हा पहिला मजकूर. आपला खायचा सोडा!

पुन्हा पाणी, पुन्हा चार चमचे, पुन्हा खलबत्ता. अर्क गाळून घेतला आणि सोड्याची चिमूट टाकली. फस्स करून फेस वर आला. फार दिवसांनी बरं वाटलं. दुसरी चिमूट. फेस बसला तेव्हा लाल रंग गेला होता आणि जांभळा आला होता. अंबाडीच्या बोंडातलं अँथोसायनिन आम्लात लाल असतं, आम्ल कमी झालं की जांभळं, निळं होत जातं. हाही माझाच धडा, दर्शकांचा. लाल कोबीचं पाणी वापरून मी तो दर वर्षी करून दाखवायचो आणि पोरं टाळ्या वाजवायची. त्या दिवशी टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. मी दूध ओतलं.

फाटलं नाही!

रंग काय झाला ते सांगणं अवघड आहे. पूर्वी पांढऱ्या शर्टांना नीळ देत, ती जास्त झाली आणि शर्ट जुना असला की जो रंग येई, तो. पण दूध एकसंध होतं. मी एकटाच ओट्याशी उभा राहून हसत होतो, इतक्यात बेल वाजली.

दारात खालच्या मजल्यावरच्या आजी. सत्तरीच्या पुढच्या, ताठ, चंदेरी केस नीट बसवलेले. जर्मनीत तुम्ही घरी नसलात तर पार्सलवाला ते शेजाऱ्याकडे ठेवून जातो. आदल्या दिवशी त्यांचं खोकं आमच्याकडे आलं होतं. ते मी पुढे केलं. त्यांनी घेतलं. तरी त्या घुटमळल्या, वर छताकडे, मग भिंतीकडे बोट दाखवून मुठीने हवेत टक्‌ टक्‌ असं काहीतरी केलं आणि जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. मला वाटलं, दार ठोठावलं होतं असं सांगतायत. मी मान डोलावून म्हटलं, “येस, येस.” आणि डोंबिवलीकर माणूस दारात आलेल्या पाहुण्याला पुढे जे म्हणतो ते म्हटलं: “टी? प्लीज?”

टी शब्द ऐकून त्यांचा चेहरा उजळला. इथे मी थांबायला हवं होतं.

दोन कप भरून आणले, बशीत चमचे ठेवले. आजींनी कपात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग एक घोट घेतला, डोळे किंचित मिटले, आणि बशीतला चमचा उचलून अलगद कपात ठेवला. चमचा कपात, म्हणजे ढवळायचंय, म्हणजे साखर कमी पडली! मी लगबगीने दोन चमचे साखर घातली आणि त्याच चमच्याने ढवळून दिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कप संपवला, चमचा पुन्हा कपात ठेवला. मी पुन्हा कप भरला. नको नको म्हणणाऱ्या पाहुण्याला आग्रह करायचा असतो. या तर नकोही म्हणत नव्हत्या. तिसऱ्या कपानंतर त्यांनी चमचा असा ठेवला की कपाचा टणत्कार झाला. मी चहाकडे हात नेला आणि दार उघडून सगळी मंडळी आत आली.

लेकीने कपाकडे पाहिलं. मग आजींकडे. मग माझ्याकडे, लहानपणी मी तिच्या वाढदिवसाला जादूचे प्रयोग करायला उभा राहिलो की पाहायची तसं. मग दोघींचं जर्मन सुरू झालं. मध्येच जावई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

उलगडा हप्त्याहप्त्याने झाला. आजी ओस्टफ्रिसलांडच्या. जर्मनीचा वायव्येकडचा, उत्तर समुद्राला लागून असलेला भाग. तिथला माणूस वर्षाला सुमारे ३०० लिटर चहा पितो. चहा म्हणजे काळा, कडक, बराचसा आसामचा. कपात आधी खडीसाखरेचा मोठा खडा, त्यावर गरम चहा ओतला की तो कडकड वाजतो, मग चमच्याने कडेकडेने साय सोडायची, तिचा ढग उमलतो, आणि ढवळायचं अजिबात नाही. पहिल्यांदा साय, मग कडू, शेवटी गोड, असं एकाच कपात तीन चहा. ही त्यांची रीत जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत २०१६ साली गेली. तीन कपांच्या आत उठणं म्हणजे यजमानाचा अपमान. आणि पुरे झालं असं सांगायचं असेल तर चमचा कपात ठेवायचा.

म्हणजे पृथ्वीच्या पाठीवर चहाच्या बाबतीत सर्वांत सोवळ्या असलेल्या बाईला मी सोडा घातलेली अंबाडी तीनदा पाजली होती. तिने पहिल्या घोटालाच दया मागितली होती, तर मी साखर घातली.

“आणि बाबा,” लेक म्हणाली, “त्या विचारत होत्या की रविवारी खिळे कोण ठोकतंय. इथे रविवारी आवाज करत नाहीत. तुम्ही ‘येस, येस’ म्हणालात.”

खलबत्त्याचं स्पष्टीकरण मी मराठीत दिलं. ते कुणी भाषांतरित केलं नाही.

आजी मात्र उठून गेल्या नाहीत. त्यांनी बरणी मागवली, वास घेतला, आणि बोट वर करून एक वाक्य उच्चारलं. लेकीने भाषांतर केलं: “पहिली गोष्ट, हा चहा नाही.” मला गहिवरून आलं. सकाळपासून मी हेच तर म्हणत होतो! जावयाने मोबाईलवर शोधून पुस्ती जोडली, की जर्मनीतल्या अन्नपदार्थांच्या मार्गदर्शक सूत्रांत फळाफुलांच्या अशा मिश्रणांना चहा म्हणत नाहीत. शब्द आहे ‘चहासदृश उत्पादने’. इतका सरळ शब्द बरणीवर का छापत नाहीत? मी दूध हातात घेतलंच नसतं.

मग आजींनी पदर खोचला. पदर नव्हता, पण तो आविर्भाव जगभर सारखाच दिसतो. जाड चिनीमातीची किटली गरम पाण्याने विसळून घेतली. कपाला दोन चमचे, शिगोशीग. पाणी खळखळ उकळतं. हिरव्या चहाला चालतं तसं कोमट, सुस्कारे टाकणारं नव्हे. ओतल्याबरोबर झाकण. दालचिनी आणि लवंग यांचा सगळा जीव उडून जाणाऱ्या तेलांत असतो. झाकण नसेल तर स्वयंपाकघराला चव लागते, आपल्याला नाही. आणि मग दहा मिनिटं हात लावायचा नाही. चहाची पत्ती इतका वेळ ठेवली तर कडू जहर होईल. इथे पत्तीच नाही, त्यामुळे घाई नाही. माझा हात दोनदा किटलीकडे गेला आणि दोनदा आजींनी नुसतं पाहिलं. ‘थांबा आणि चहा प्या’ अशी एक म्हण आहे म्हणे त्यांच्याकडे. माझं दुसऱ्या भागावर प्रभुत्व आहे, पहिल्याचा सराव नाही.

तेवढ्यात त्यांनी छोट्या पातेल्यात सफरचंदाचा गढूळ रस गरम केला. स्वच्छ गाळलेला नको, गढूळच. गाळलेला अर्क आणि रस निम्मे निम्मे, वर संत्र्याची चकती, आणि मध शेवटी. नाताळाच्या बाजारात मोठी माणसं मसाल्याची गरम वाइन पितात तेव्हा पोरांच्या हातात जो गरम पंच देतात तो साधारण असाच. स्वतःच्या कपात आजींनी बाटलीच्या झाकणाने मोजून रम घातली. जांभळ्या चहावरचा उतारा असावा.

मी बशी सोडून कप दोन्ही तळव्यांत धरला. पहिल्यांदा आंबट लागलं, चांगलं खणखणीत. त्याच्यामागून सफरचंद आलं, कच्चं नव्हे, भट्टीतून काढलेलं. बराच वेळ काहीच नाही. आणि गिळून झाल्यावर, घशाच्या अगदी तळाशी, लवंग. खिडकीबाहेर साडेचारलाच अंधार पडला होता. आमच्या घरी दालचिनी-लवंगेचं गरम पाणी आलं की पाठोपाठ थर्मामीटर येई आणि नाक दाबून ‘एका दमात’ अशी आज्ञा. आजारी न पडता, कुणी न दटावता, सोफ्यावर बसून काढा पिण्याचा हा साठ वर्षांतला पहिला प्रसंग. मी दुसरा कप मागितला. चहा म्हणून अजूनही शून्य गुण. पण तो त्या पेपरला बसलेलाच नव्हता.

हिने किटलीतला चोथा टाकू दिला नाही. लवंगा वेचून काढल्या, उरलेल्या बोंडा-सफरचंदांना तिखट, मीठ, गूळ आणि लसणाची फोडणी दिली. चटणी झाली. आजींनी ती पावावर लावून खाल्ली, डोळ्यांत पाणी आणलं आणि कृती लिहून घेतली. माझ्याकडून कुणी काही लिहून घेतलं नाही. उरलेला अर्क रात्री फ्रीजमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी थंडगार प्यायलो तेव्हा तो गरमपेक्षा किंचित बरा लागला, पण हे मी आजींना सांगितलेलं नाही.

पुढच्या रविवारी आजींनी आम्हाला खाली चहाला बोलावलं. खऱ्या. जिना उतरताना लेकीने सगळे नियम पुन्हा बजावले: ढवळू नका, तीनच्या आत उठू नका, पुरे झालं की चमचा कपात. मी मान डोलावली. खडीसाखर कडकड वाजली, सायीचा ढग उमलला, आणि आठवड्याभराने आसाम जिभेवर आला. पहिला कप झाला, दुसरा, तिसरा. माझा चमचा बशीत. चौथा. चमचा बशीत. आजींची भुवई वर गेली, पण कायदा तो कायदा. त्यांनी पाचवा ओतला. सहाव्याला त्या किटली उचलत होत्या तेव्हा हिने, गप्पांचा सूर जराही न मोडता, हात लांब केला, माझ्या बशीतला चमचा उचलला आणि माझ्या कपात ठेवला.